चाकू लहान करताना

मिटणारा चाकू म्हटला की आपल्या पिढीला आधी आठवतो तो हिंदी चित्रपटातला रामपुरी. खटका दाबला की सुर्रकन बाहेर येणारा, आणि खलनायकाच्या हातात शोभणारा. आज मी बोलणार आहे तो चाकू अगदी वेगळ्या घराण्यातला. तो कोणाला भीती दाखवत नाही. तो डबे उघडतो, पेन्सिलीला टोक करतो, सुटलेला धागा कापतो. त्याला लहान करण्यासाठी एका माणसाने फार डोके चालवले, आणि त्याच्यावर तशी वेळ का आली, हीच आजची गोष्ट.

स्वित्झर्लंडच्या मध्यभागी श्वीट्स नावाचा प्रांत आहे. तिथल्या इबाख या गावात कार्ल एल्सनर या तरुण कारागिराने १८८४ साली चाकू-कात्र्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे आजच्या अर्थाने नव्हे, ओढ्याच्या पाण्यावर चालणारी कार्यशाळाच ती. आजचा श्रीमंत स्वित्झर्लंड डोळ्यांसमोर आणू नका. त्या काळी हा डोंगराळ मुलूख गरीब होता. शेतीवर पोट भरत नव्हते आणि तरुण मुले पोटासाठी परदेशाची वाट धरत होती. गावातच चार हातांना काम मिळावे, असे एल्सनरच्या मनात होते. आपल्याकडे कोकणातल्या गावांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी माणसे दिली, त्यांना ही तळमळ वेगळी समजावून सांगायला नको.

याच सुमारास स्विस लष्कराने नवी बंदूक घेतली होती. १८८९ सालची ही श्मिट-रुबिन रायफल साफ करायला उघडायची, तर स्क्रू ड्रायव्हर लागे. शिवाय शिपायाच्या शिध्यात पत्र्याचे डबे आलेले. तेव्हा प्रत्येक शिपायाला एकच मिटता चाकू द्यावा, त्यात पाते, डबा उघडायचे हत्यार, स्क्रू ड्रायव्हर आणि चामड्याला भोक पाडायची आरी असावी, असे लष्कराने ठरवले. हा १८९०चा नमुना. काळपट लाकडाची मूठ, दणकट बांधणी. पण पहिली १५,००० चाकूंची मागणी पुरवण्याची ताकद देशातल्या एकाही कारखान्यात नव्हती! स्विस शिपायाचा चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून आला.

एल्सनरला हे झोंबले. १८९१ साली त्याने देशातल्या चाकूवाल्यांची संघटना बांधली आणि काम वाटून घेऊन लष्कराचे चाकू देशातच करायचे ठरवले. पण झोलिंगेनला मोठी यंत्रे होती, तोच माल त्यांना स्वस्तात पडे. एकेक सोबती गळत गेला. एल्सनर एकटा उरला आणि कर्जात बुडाला. नातेवाईकांनी आणि काही धनकोंनी सांभाळून घेतले नसते, तर हे भाषण इथेच संपले असते.

शिपायाच्या चाकूत दोष नव्हता, पण तो जड होता, आणि त्याचा दर लष्कर ठरवणार. बाहेरच्या माणसाने पैसे मोजून तो खिशात का बाळगावा? म्हणून एल्सनरने शेतकऱ्यासाठी, विद्यार्थ्यासाठी वेगवेगळे चाकू काढले आणि मग अधिकाऱ्यांसाठी एक हलका, देखणा चाकू करायला घेतला. अट अशी, की शिपायाच्या चाकूतले सगळे तर हवेच, वर दुसरे लहान पाते आणि बाटलीचे बूच काढायचा स्क्रूही हवा. अवजारे चारांची सहा करायची आणि चाकू मात्र हलका करायचा!

ही आडमुठी मागणी त्याने कशी पुरवली, हे समजायला मिटत्या चाकूच्या पोटात डोकवायला हवे. अशा चाकूच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तिला स्प्रिंग म्हणायचे. पात्याचे बूड या पट्टीवर दाबून बसते, म्हणून पाते उघडले की उघडे राहते आणि मिटले की मिटलेले. अवजारे वाढली की पट्ट्या वाढतात, पट्ट्या वाढल्या की जाडी आणि वजन वाढते. एल्सनरच्या ध्यानात आले, की पट्टीची एकच बाजू आपण वापरतो आहोत. तिच्या पोटाकडून पाती बसवली, तर पाठीकडून आरी आणि बुचाचा स्क्रू का बसू नये? त्याने ते करून दाखवले. सहा अवजारे आणि पट्ट्या फक्त दोन. १२ जून १८९७ रोजी या ‘अधिकारी आणि खेळाडूंच्या चाकू’ची अधिकृत नोंद झाली.

गंमत पाहा. लष्कराने हा चाकू सैन्यात कधी अधिकृतपणे घेतलाच नाही. बूच काढायची सोय युद्धाला आवश्यक नाही, हे लष्कराचे मत कोण खोडून काढणार? पण अधिकारी दुकानात जाऊन स्वतःच्या पैशाने तो घेऊ लागले आणि एल्सनरचा कारखाना तरला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू भेटी म्हणून घरी नेले. जर्मन नाव त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून त्यांनी त्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणायला सुरुवात केली. जो चाकू आर्मीने घेतला नाही, तोच आर्मीच्या नावाने जगात गाजला!

योगायोग असा, की याच वर्षांत आल्प्सच्या पलीकडच्या बाजूला, फ्रान्समधल्या साव्हुआ प्रांतात, जोझेफ ओपिनेल हाही मिटत्या चाकूशी झगडत होता. त्याचा चाकू १८९०चा, आणि १८९७ साली त्याने त्याची बारा मापे काढली, क्रमांक एक ते बारा. सगळ्यांत धाकट्याचे पाते जेमतेम दोन सेंटिमीटरचे, घड्याळाच्या साखळीला लटकवण्याजोगे. ओपिनेलने एकच आकृती लहान-मोठी केली. त्याला ते जमले, कारण त्याच्या चाकूत स्प्रिंगच नाही. लाकडी मुठीच्या फटीत पाते घट्ट बसते, एवढीच त्याची यंत्रणा. तरीही पुढे एक आणि अकरा हे क्रमांक गळाले. अकरा नंबर दहा आणि बाराच्या मध्ये अडकलेला. आणि एक नंबर? इतक्या लहान चाकूने माणसाने कापायचे तरी काय?

स्प्रिंगच्या चाकूत हा सरळ मार्ग चालत नाही. समजा, पट्टीची लांबी निम्मी केली आणि जाडी तीच ठेवली, तर ती आठपट ताठ होते आणि नख तुटेल पण पाते उघडणार नाही. बरे, सगळीच मापे निम्मी केली, तर उलटा प्रकार. पात्याला जागेवर धरून ठेवणारा जोर आठव्या हिश्श्यावर येतो, आणि पाते कापता कापता बोटावर मिटू लागते. म्हणजे प्रत्येक मापासाठी पट्टीची जाडी, तिचा बाक, बुडाचा आकार हे नव्याने बसवायचे. आणि काही गोष्टींना लहान होण्याची परवानगीच नाही. पात्यावर नख अडकवायची जी खाच असते, ती नखापेक्षा बारीक करून चालत नाही. चाकू कितीही लहान करा, माणसाचे बोट तेवढेच राहते.

म्हणून एल्सनर घराण्याच्या कारखान्याने जेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यात मावेल असा ५८ मिलिमीटरचा चाकू केला, तेव्हा एक्क्याण्णव मिलिमीटरच्या थोरल्या भावाची ती छोटी नक्कल नव्हती. डबा उघडायचे हत्यार काढून टाकले, आरी काढली, बुचाचा स्क्रू काढला, कारण या आकारात त्यांना जोर लावायला मूठच उरत नाही. राहिले एक छोटे पाते, कात्री, आणि टोकाला स्क्रू ड्रायव्हर असलेली नखांची कानस. मुठीच्या आवरणात चिमटा आणि दातकोरणे सरकवले. वजन वीस-बावीस ग्रॅम. आमच्या आज्या-पणज्या चांदीच्या कडीत दातकोरणे-कानकोरणे अडकवून जवळ बाळगायच्या, त्याच जातीची ही वस्तू झाली. रानातून ती शहरात आली, आणि कोणती अवजारे बरोबर घ्यायची हे त्या स्थलांतराने ठरवले. मला या चाकूतली सगळ्यांत मोठी करामत कात्रीची वाटते. एवढ्याशा जागेत दोन पाती आणि त्यांना उघडणारी वेगळी चिमुकली स्प्रिंग!

इकडे लष्कराचा चाकू उलट वाढत गेला. १९६१चा नमुना ९३ मिलिमीटरचा, तर २००८चा १११ मिलिमीटरचा, एका हाताने उघडता येणारा.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेण्यावर बंदी आली. विमानतळावरच्या दुकानांतून, प्रवाशांकडून, भेटवस्तू म्हणून जो खप होता तो एकदम आटला. विक्री एक तृतीयांशाच्या आसपास घसरली. इबाखमध्ये पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, गावातल्या हातांना काम कुठून आणायचे? कंपनीने कोणाला घरी बसवले नाही. काही कामगार आसपासच्या कारखान्यांना उसने दिले, आणि घड्याळे, प्रवासी बॅगा यांवर भर दिला.

आता चाकूचे माप बोटाबरोबर कायदाही ठरवू लागला. युरोपात सहा सेंटिमीटरहून लांब पाते विमानात नेता येत नाही. ५८ मिलिमीटरच्या या चाकूचे पाते साडेतीनच्या आसपास, म्हणून तो सुटतो. अमेरिकेने मार्च २०१३ मध्ये अशीच सवलत जाहीर केली, पण विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये ती मागे घ्यावी लागली. इंग्लंडमध्ये तीन इंचांपर्यंतच्या, पाते जाम न होणाऱ्या मिटत्या चाकूला रस्त्यावर मुभा आहे. आपल्याकडचा शस्त्र-नियम नऊ इंचांच्या पात्यापासून हात घालतो. एका वस्तूला किती देशांचे किती टेप लागले!

आणि २०२४ साली एल्सनर घराण्याच्या चौथ्या पिढीने सांगितले, की पातेच नसलेल्या खिशातल्या अवजारावर आम्ही काम करीत आहोत. सायकलवाल्यासाठी, गोल्फ खेळणाऱ्यासाठी. त्याला चाकू म्हणायचे की नाही, यावर इबाखमध्येही वाद झाला असेल.