हवानाच्या गच्च्यांवरचे जाळे

एका घराच्या गच्चीवरून निघालेली वायर रस्ता ओलांडून समोरच्या बाल्कनीत शिरायची. तिथल्या संगणकाला जोडून पुढे तिसऱ्या घरी जायची. वायर पोचणार नाही तिथे आडोशाला लपवलेली वायफाय अँटेना. क्यूबाच्या राजधानीत, हवानात, पोरांनी असे गल्ल्या-गल्ल्यांचे जाळे विणले होते. त्याचे नाव एसनेट, म्हणजे ‘स्ट्रीट नेटवर्क’. इंटरनेटशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

सुरुवात झाली 2001 च्या सुमारास, आणि तीही खेळापायी. शेजारच्या मित्राशी संगणकावर लढाई खेळायची तर दोन घरे जोडली की भागत होते. पण दोनाची चार झाली, चाराची चाळीस, आणि मोहल्ले एकमेकांना जोडले गेले. 2015 साली या जाळ्यात नऊ हजारांहून अधिक संगणक असल्याची बातमी जगभर झळकली. गप्पा, निरोप, फाइलींची देवाणघेवाण, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारखे खेळ, सारे काही तिथे चाले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्या काळच्या क्यूबाकडे पाहिले की कळते. 1962 पासून अमेरिकेची व्यापारबंदी. सामान्य माणसाला संगणक विकत घ्यायची मुभाच मिळाली 2008 मध्ये. जुलै 2015 मध्ये सरकारने देशभरात 35 ठिकाणी सार्वजनिक वायफाय सुरू केले, पण तासाचा दर साधारण 2 डॉलर. सरकारी नोकराचा महिन्याचा पगार मात्र 25-30 डॉलरच्या घरात. जाळ्याचे बरेचसे साहित्य परदेशातून येणाऱ्यांच्या सामानातून येई, आणि परवान्याशिवाय अशी अँटेना लावणे बेकायदाच होते.

म्हणूनच एसनेटची सुरक्षितता सांकेतिक कुलुपांपेक्षा (एन्क्रिप्शनपेक्षा) शिस्तीवर उभी होती. राजकारणावर चर्चा नाही, अश्लील चित्रे नाहीत, इंटरनेटची जोडणी नाही. नियम मोडणाऱ्याला स्वयंसेवक-नियंत्रक दिवसभरासाठी किंवा त्याहून अधिक काळ तोडून टाकत. निरोप पुढे जायचा तो शेजाऱ्याच्याच यंत्रातून. शेजाऱ्यावर भरवसा नसेल, तर अशा जाळ्यात एक अक्षर टाइप करणेही अवघड.

ज्यांच्याकडे वायर नव्हती, त्यांच्यासाठी ‘एल पाकेते सेमानाल’ होते. म्हणजे आठवड्याचे पुडके. सुमारे एक टेराबाइटची हार्ड डिस्क: मालिका, चित्रपट, गाणी, मोबाइलची अ‍ॅप, अँटिव्हायरसची ताजी भर, आणि ‘रेव्होलिको’ या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाची प्रत. ज्यांना पाकेतेरो म्हणत, ते विक्रेते घरोघर फिरत. गिऱ्हाईक आपली पेनड्राइव्ह पुढे करी, हवे तेवढे उतरवून घेई आणि पैसे देई. माल ताजा असेल तर भाव जास्त, दिवस उलटतील तसा उतरता. हवानाबाहेरच्या प्रांतांत डिस्क बसने जाई.

पाकेतेही राजकारणापासून चार हात दूरच राहिले. त्याबदल्यात सरकारने त्याकडे बरीच वर्षे काणाडोळा केला.

एसनेटच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. डिसेंबर 2018 मध्ये क्यूबात मोबाइलवर इंटरनेट सुरू झाले. 29 जुलै 2019 पासून नवे नियम लागू झाले. घरगुती जाळ्यांना प्रथमच परवाना मिळणार होता, पण अँटेनाची शक्ती 100 मिलिवॅटपुरती, आणि रस्ता ओलांडून वायर न्यायला मनाई. गल्लीला गल्ली जोडणारी वायर आणि मोहल्ल्याला मोहल्ला जोडणारी ताकदवान अँटेना, हाच तर एसनेटचा कणा. ऑगस्टमध्ये याच्या निषेधार्थ एसनेटचे तरुण दळणवळण मंत्रालयासमोर शांतपणे उभे राहिले. अखेर तडजोड म्हणून एसनेटचे सर्व्हर आणि सेवा ‘होवेन क्लब’ या 1987 पासूनच्या सरकारी संगणक केंद्रांकडे सोपवण्यात आल्या. पाकेतेची डिस्क मात्र त्यानंतरही हातोहात फिरत राहिली.