हद्दीची कुळकथा

कवठे महांकाळच्या परिसरात कुची नावाचे गाव आहे. संस्थानी अमदानीत सांगलीकर पटवर्धनांच्या एका तालुक्यास त्याचेच नाव होते. शेजारचे तासगाव, एके काळी पटवर्धनांच्याच घराण्याचे, मात्र खालसात मोडे, आणि पूर्वेस डफळ्यांचे जत. पेशवाई बुडाल्यावर जहागीरदारांशी झालेल्या तहनाम्यांनी या गोधडीचे पहिले टाके घातले. पुढे निर्वारस मुलूख खालसा होत गेले, १८४८ साली साताऱ्याची गादीही गेली.

कंपनीने आपल्या सोयीसाठी राखलेल्या याच तुकड्यांतून, शंभर वर्षांनी, तिच्या वारसांविरुद्धचे बंड, म्हणजे साताऱ्याचे प्रतिसरकार, तगून राहिले, असे माझे ठाम मत आहे. कृष्णा-येरळेच्या मधले कुंडल, जेथे जी. डी. बापू लाडांची तुफान सेना उभी राहिली, ते सातारा जिल्ह्याने वेढलेले असले तरी औंधच्या पंतप्रतिनिधींचे होते. आणि औंधने १९३९ सालीच रयतेला राज्यकारभार सोपविणारी घटना केलेली होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटणाऱ्यांना खालसाच्या फौजदाराचा अंमल जेथे संपे ती रेषा पायाखालच्या वाटेइतकी ठाऊक होती.

यावर जाणते आक्षेप घेतात की, प्रतिसरकारचे मूळ सत्यशोधक चळवळीत आहे; त्याचे नेते नाना पाटील तिच्याच मुशीतले. माणसे का उठली याचे ते यथार्थ उत्तर आहे, पण संयुक्त प्रांतातील बालियाचे तसेच समांतर सरकार काही दिवसांत मोडले आणि साताऱ्याचे १९४६ पर्यंत चालले, हा फरक त्याने उलगडत नाही. बंगालमधील तामलुकचा दाखला मात्र मला अधिक अडवितो: तेथे संस्थानी हद्द नसतानाही सरकार १९४४ पर्यंत टिकले, म्हणून हद्दीने आयुष्य वाढविले, जन्म दिला नाही, एवढेच मी म्हणतो.

प्रतिसरकारचे ‘पत्री’ हे नाव ‘प्रति’चे लोकरूप, की तळपायांना पत्रे ठोकण्याच्या शिक्षेवरून पडलेले? मला पहिलेच पटते. तरी शिक्षेची दहशत खरी होती, आणि ती झाकून या सरकारचा गौरव करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

संस्थान म्हणजे आश्रयच, असेही नव्हे. सांगली संस्थानच्याच तुरुंगात वसंतदादा पाटील कैद होते. २४ जुलै १९४३ रोजी ते साथीदारांसह तट ओलांडून निसटले, तेव्हा झालेल्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. रेषा औंधची आणि सांगलीची सारखीच होती. पलीकडचा राजा निराळा होता.