कुत्र्याच्या नखाची इजा

कुत्र्याच्या नखाला तडा जाणे, ते उभे फाटणे, मुळापासून उखडणे किंवा कापताना त्याच्या जिवंत भागाला कात्री लागणे या सर्वांचा समावेश नखाच्या इजेत होतो. पाळीव कुत्र्यांमध्ये ही इजा वारंवार आढळते. तिच्यात वाहणारे रक्त पाहून घरातील माणसे घाबरतात, परंतु हे रक्त सहसा धोक्याचे नसते. याउलट ज्या खुणांमुळे पशुवैद्याकडे जाणे खरोखर गरजेचे ठरते, त्या बऱ्याचदा रक्त थांबल्यानंतरच लक्षात येतात.

कुत्र्याच्या प्रत्येक पायाला जमिनीवर टेकणारी चार बोटे असतात आणि पुढच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूस, जमिनीपासून वर, अंगठ्याचे एकेक नख असते. अशी एकूण १८ नखे होतात. मागच्या पायांनाही अंगठे असलेला कुत्रा ग्रामीण भागात वीसनखी म्हणून ओळखला जातो आणि तो राखणीला व शिकारीला अधिक तिखट असतो असा समज आहे. या समजाला आधार नाही. मागचा अंगठा बहुधा हाडाने पायाशी जोडलेला नसून नुसत्या कातडीवर लोंबत असल्याने तो अडकून फाटण्याचा संभव मात्र जास्त असतो. नखाचे बाहेरचे कवच केराटिन या कठीण प्रथिनाचे असते आणि पेनावर टोपण बसावे तसे ते बोटाच्या शेवटच्या हाडाच्या निमुळत्या टोकावर बसलेले असते. कवच आणि हाड यांच्यामध्ये रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला मऊ थर असतो, तो म्हणजे जिव्हाळी. पांढऱ्या नखात जिव्हाळी बाहेरून गुलाबी दिसते, काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून काळी नखे कापताना ती दुखावण्याचे प्रमाण अधिक असते. जिव्हाळीच्या लगेच आत हाड असल्यामुळे उखडलेल्या नखाची जखम ही केवळ कातडीची जखम राहत नाही, ही गोष्ट उपचार ठरवताना सर्वांत महत्त्वाची आहे.

बहुतेक इजांच्या मुळाशी वाढलेली नखे असतात. मातीवर, डांबरी रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात, तर गुळगुळीत फरशीच्या सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत आणि चालताना फरशीवर टकटक वाजू लागतात. अशी नखे बाल्कनीच्या जाळीत, गटाराच्या झाकणात, सतरंजीच्या धाग्यात अडकतात आणि कुत्र्याने हिसका दिला की तडकतात. अंगठ्याचे नख जमिनीला लागतच नसल्याने ते कधीकधी गोल वळून थेट कातडीत रुतते. नख फार वाढले की जिव्हाळीही लांबते, त्यामुळे ते एकदम आखूड करता येत नाही. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी टोक थोडे थोडे कापत गेल्यास जिव्हाळी हळूहळू मागे सरते. कारवानी, ग्रेहाउंड यांसारख्या वेगाने धावणाऱ्या कुत्र्यांत नखे आखूड असतानाही खडकाळ जमिनीवर बोटांना इजा होते.

प्रथमोपचाराची सुरुवात जखमेपासून नव्हे तर कुत्र्याच्या तोंडापासून करावी लागते, कारण वेदनेत असलेला अत्यंत गरीब कुत्राही पायाला हात लागताच चावू शकतो. मऊ पट्टीने तोंड बांधता येते, मात्र पग, बुलडॉग, शित्झू अशा आखूड नाकाच्या कुत्र्यांचे आणि उलटी करत असलेल्या कोणत्याही कुत्र्याचे तोंड बांधू नये. त्यांना टॉवेलमध्ये गुंडाळून दुसऱ्या माणसाने धरणे बरे. त्यानंतर स्वच्छ कापड किंवा गॉजची घडी नखावर घट्ट दाबून पाच ते दहा मिनिटे धरावी. या काळात रक्त थांबले का हे पाहण्यासाठी घडी पुन्हा पुन्हा उचलली तर बनत असलेली गुठळी निघते आणि रक्त नव्याने वाहू लागते. घरगुती उपचार फसण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. नख कापताना जिव्हाळीला थोडेसे लागले असेल तर रक्त थांबवणारी तयार पावडर, तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर दाबून धरल्यास काम भागते. संपूर्ण कवच निघून जिव्हाळी उघडी पडली असेल तर मात्र तुरटी किंवा अशी पावडर वापरू नये, कारण उघड्या मज्जातंतूंवर ती झोंबते आणि जखमेत कचरा म्हणून राहते. हळदीचेही तेच: डब्यातील हळद निर्जंतुक नसते, शिवाय तिच्या पिवळ्या थराखाली लाली व पू दिसेनासे होतात आणि पशुवैद्याला आधी ती धुऊन काढण्यातच वेळ घालवावा लागतो.

रक्त थांबल्यावर जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी. उकळून निवविलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ हे प्रमाण पुरते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जखमेच्या भरून येणाऱ्या पेशींना इजा होते, तर डेटॉलसारखा द्रव पाणी न घालता लावल्यास कातडी भाजते आणि कुत्रा ती चाटत असल्याने तोंडही सोलवटते. पट्टी सैल पण सरकणार नाही अशी बांधावी व रोज बदलावी. पट्टीच्या वर पाय सुजलेला दिसला, तर पट्टी लगेच काढावी. पावसाळ्यात बाहेर नेताना पायाला प्लास्टिकची पिशवी बांधता येते, मात्र घरी आल्याबरोबर ती काढली नाही तर आतल्या दमटपणात पट्टीच कुजते.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देणे ही या इजेतील सर्वांत गंभीर चूक होय. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा थोडी जास्त झाली तरी यकृताला अपाय होतो. दुखऱ्या पायावर चोळलेले डायक्लोफेनॅकचे मलम चाटूनही विषबाधा होते. (हेच औषध जनावरांना देण्यावर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती वेगळ्या कारणाने: उपचार झालेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मरत होती.) पशुवैद्य मेलॉक्झिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात, परंतु औषध-दुकानात मिळणारी माणसाची मेलॉक्झिकॅमची गोळी लहान कुत्र्याला कितीतरी पट जास्त होते.

दवाखान्यात न्यावे की नाही, हे रक्ताच्या डागांच्या आकारावरून ठरवू नये. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे २० किलोच्या कुत्र्यात दीड लिटरहून अधिक. नखातून गेलेले दोन-चार चमचे रक्त फरशीवर पसरून भयंकर दिसले तरी निरोगी कुत्र्याच्या जिवावर बेतत नाही. प्रश्न रक्त किती गेले हा नसून ते थांबते की नाही हा आहे. नीट दाबूनही पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, तर नखापलीकडचे कारण शोधावे लागते. आपल्याकडे त्यात पहिला संशय गोचीड तापाचा येतो: तपकिरी गोचिडीमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया या जंतूमुळे रक्तातील बिंबिका कमी होतात आणि एरवी क्षुल्लक ठरणारी जखम वाहत राहते. डोबरमन जातीत फॉन विलेब्रांड हा आनुवंशिक रक्तस्रावाचा विकार बराच आढळतो, आणि तो नखे कापताना प्रथमच उघडकीस येऊ शकतो. उंदराचे रक्त पातळ करणारे विष खाल्लेल्या कुत्र्यातही असेच घडते. हिरड्या फिक्या पडणे, अंगावर जांभळे ठिपके दिसणे किंवा नाकातून रक्त येणे यांपैकी काही सोबत असेल तर उशीर करू नये.

रक्त थांबलेले असतानाही काही स्थितींत त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवणे इष्ट असते. नख अर्धवट लोंबत असेल तर कुत्रा प्रत्येक पावलाला कळवळतो. असे नख घरी ओढून काढू नये, कारण ते मुळाशी जिवंत भागाला धरून असते. पाय टेकतच नसेल, बोट सुजले वा वाकडे दिसत असेल, तर आतील हाड मोडल्याची शक्यता क्ष-किरण तपासणीनेच पडताळता येते. दोन-तीन दिवसांनी सूज, पू किंवा दुर्गंधी आली, अथवा कुत्रा सतत तेच बोट चाटू लागला, तर जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेल्याचा संशय घ्यावा लागतो. केवळ टोकाला जिव्हाळीच्या बाहेर तडा गेला असेल, रक्त नसेल आणि चालणे नेहमीसारखे असेल, तर तुटका भाग कापून कानस फिरवणे एवढेच पुरेसे असते.

दवाखान्यात सुटलेले कवच भूल किंवा गुंगी देऊन काढतात, जखम धुतात व दोन-तीन दिवसांसाठी पट्टी बांधतात. प्रतिजैविके प्रत्येक वेळी लागत नाहीत. हाड उघडे पडले असेल किंवा संसर्ग दिसत असेल तरच ती देणे योग्य, तरीही मालकाच्या समाधानासाठी ती सर्रास लिहून दिली जातात. धनुर्वाताचे इंजेक्शन देण्याचा आग्रहही असाच माणसांच्या सवयीतून आलेला आहे: कुत्रा हा माणूस व घोडा यांच्या मानाने धनुर्वाताला बराच प्रतिकार करतो. क्वचित हा रोग झालाच तर काही दिवसांत कान ताठ होतात, कपाळावर आठ्या पडतात व जबडा आवळतो. पट्टी सुटल्यावर जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू, म्हणजेच ई-कॉलर, घालतात. उघडी जिव्हाळी साधारण एक-दोन आठवड्यांत कोरडी व टणक होते. नवे नख पूर्ण वाढायला मात्र अनेक महिने लागतात आणि मुळाला इजा झाली असेल तर ते वाकडे किंवा खडबडीत येते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांत दुर्लक्षिलेल्या नखाच्या जखमेवर, विशेषतः पावसाळ्यात, माश्या अंडी घालतात आणि बोटांच्या बेचक्यात अळ्या पडतात. अळ्या बाहेर काढण्यासाठी टर्पेंटाइन ओतण्याची पद्धत प्रचलित असली, तरी जाणकाराच्या हाताशिवाय ती जखमेला आणखी जाळते. अनोळखी कुत्र्याला हाताळताना तो चावला किंवा त्याची लाळ ओरखड्यावर लागली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यावी लागते. तालुक्याच्या ठिकाणचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी असल्याने बोटाच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मोठे रुग्णालय गाठावे लागते. परळचे, मुंबईकरांच्या तोंडी बैलघोडा हॉस्पिटल म्हणून रुळलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, त्याच आवारातील १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूर व शिरवळ येथील महाविद्यालये ही अशी काही ठिकाणे होत.

मार लागलेला नसताना नखे गळू लागली तर तो विषय इजेचा राहत नाही. अनेक पायांची नखे एकापाठोपाठ एक सैल होऊन पडत असतील तर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नखांवर उलटल्याने होणारा विकार संभवतो, आणि तो जर्मन शेफर्डमध्ये अधिक दिसतो. एकाच बोटाचे नख पुन्हा पुन्हा मोडत असेल, ते बोट फुगत चालले असेल आणि प्रतिजैविकांनी उतार पडत नसेल, तर वयस्क व मोठ्या काळ्या कुत्र्यांत, उदाहरणार्थ काळ्या लॅब्रॅडॉरमध्ये, नखाच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाची शंका घेऊन क्ष-किरण तपासणी करतात आणि ऊतीचा तुकडा तपासायला पाठवतात. निदान पक्के झाल्यास बोट काढावे लागते. चार बोटांपैकी एक गेले तरी कुत्रा बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत चालू-धावू लागतो.