भोर-वेल्ह्यातल्या घरात स्मार्ट एलईडी स्ट्रिप: रेंज नसली तरी पेटेल अशी कशी निवडाल?

रील्समध्ये दिसते तशी रंग बदलणारी एलईडी स्ट्रिप आपल्याही घरात असावी असं वाटतं ना? मलाही वाटलं, म्हणून मी आणली. वेल्ह्याजवळच्या आमच्या घरी पडवीत लावली. हौस माझी होती, पण काम आजीचं होतं. ती रात्री उठून मागच्या न्हाणीकडे जाते, तिला वाटेत उजेड हवा होता. ॲपमध्ये संध्याकाळी सातचं शेड्यूल लावलं आणि मी पुण्याला आलो. दोन दिवसांनी आजीचा फोन आला, "बाळा, तुझा मोबाइल घरात असला तरच पेटती व्हय रं ती लाइट?"

आजीचं बरोबर होतं. घरात ब्रॉडबँड नाही, स्ट्रिप माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवर जोडलेली होती आणि हॉटस्पॉट माझ्या खिशातून पुण्याला आला होता. मधे एकदा लाइट जाऊन आली, स्ट्रिपचं आतलं घड्याळ पुसलं गेलं आणि इंटरनेट नसल्याने वेळ परत मिळाली नाही. सात कधी वाजले हेच तिला कळेना! चूक माझी होती, पण त्यातून जे शिकलो ते या लेखात सांगतो. गुंजवणीचं खोरं असो की वरंध घाटाकडचा हिरडस मावळ, डोंगराआड रेंज जाते आणि पावसात वीज जाते. अशा घरासाठी स्ट्रिप घेताना पहिला प्रश्न एकच: नेट नसताना ती चालेल का?

स्ट्रिपमध्ये नेमकं असतं काय?

पट्टीवर छोटे चौकोनी एलईडी असतात. बॉक्सवर '5050' लिहिलेलं असेल तर तो एलईडी 5 मिमी बाय 5 मिमी आकाराचा. एकेका चौकोनात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. यालाच आरजीबी म्हणतात. कंट्रोलर हे तिन्ही दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त केला की आपल्या डोळ्यांना तो रंग फिका किंवा गडद दिसतो.

बॉक्सवरचे '1.6 कोटी रंग' कुठून येतात? प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. 256 गुणिले 256 गुणिले 256 म्हणजे 1,67,77,216. गणित खरं आहे, पण डोळ्यांना त्यातले फार थोडे वेगळे ओळखू येतात. त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

हे सगळं शक्य झालं निळ्या एलईडीमुळे. दिसणाऱ्या उजेडाचा लाल एलईडी 1962 मध्येच आला होता, पण भरपूर उजेड देणारा निळा बनवायला 1990चं दशक उजाडलं. त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

साध्या आरजीबी स्ट्रिपमध्ये एका वेळी पूर्ण पट्टी एकाच रंगाची होते. रंग पट्टीवरून धावताना दिसतात ती 'ॲड्रेसेबल' स्ट्रिप, तिच्यात प्रत्येक एलईडीला किंवा एलईडींच्या छोट्या गटाला वेगळी चिप असते. अभ्यासाला किंवा स्वयंपाकघरात वापरायची असेल तर वेगळा पांढरा एलईडी असलेली 'आरजीबीडब्ल्यू' घ्या. तीन रंग मिसळून केलेल्या पांढऱ्यात भाजीचा आणि कपड्यांचा रंग नीट कळत नाही.

कंट्रोल कोणतं? इथेच खरी निवड आहे

- आयआर रिमोट: सगळ्यात स्वस्त. इंटरनेट लागत नाही, पण रिमोट समोरून धरावा लागतो. रिमोट चालतोय का हे बघायचं असेल तर तो सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये टोकाचा दिवा लुकलुकताना दिसतो. रेडमी आणि पोकोच्या अनेक फोनमध्ये आयआर ब्लास्टर असतो, त्यामुळे रिमोट हरवला तरी फोनवरून काम भागू शकतं.
- ब्लूटूथ: फोन थेट स्ट्रिपशी बोलतो. राउटर नको, रेंज नको. मात्र तुम्ही घरात असायला हवं. ब्रॉडबँड नसलेल्या घरात मी हीच सुचवीन.
- वाय-फाय: जगात कुठूनही चालते, व्हॉइस असिस्टंटलाही जोडता येते. पण बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये तुमची आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत घरातल्या पट्टीपर्यंत येते. नेट गेलं की ही साखळी तुटते.
- मॅटर: वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र चालावीत म्हणून केलेलं मानक. पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2022 मध्ये आली. याचा मोठा फायदा म्हणजे आज्ञा घरातल्या घरात पोचते. राउटर चालू असेल तर बाहेरचं नेट बंद असतानाही दिवा ऐकतो.

वाय-फायचीच हवी असेल तर ब्लूटूथ किंवा रिमोटही सोबत असलेली घ्या. आणि कंट्रोलरवर एक साधं बटण असलंच पाहिजे. घरातल्या ज्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, त्यालाही दिवा लावता आला पाहिजे.

ॲपला स्ट्रिप सापडत नाही?

बहुतेक वेळा कारण एकच असतं. बहुतेक स्मार्ट स्ट्रिप्सना फक्त 2.4 गिगाहर्ट्झ वाय-फाय कळतं, 5 गिगाहर्ट्झ दिसतच नाही. राउटरमध्ये दोन्ही बँड एकाच नावाने असतील तर जोडणीपुरता 5 गिगाहर्ट्झ बंद करा. ॲण्ड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड 2.4 निवडा. आयफोन 12 किंवा त्यापुढचा असेल तर हॉटस्पॉटमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

ॲप लोकेशन मागतं म्हणून घाबरू नका, पण कारण माहीत असू द्या. ॲण्ड्रॉइड 11 पर्यंत जवळची ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. ॲण्ड्रॉइड 12 पासून त्यासाठी 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आहे. जोडणी झाल्यावर लोकेशन बंद करून बघा, काही अडत नसेल तर बंदच ठेवा.

लाइट जाते-येते, तेव्हा काय होतं?

रात्री तीनला लाइट येते आणि पट्टी एकदम लखलखते, सगळं घर जागं! हा अनुभव आमच्याकडे आलाय. ॲपमध्ये 'पॉवर-ऑन बिहेविअर' किंवा तत्सम नावाचं सेटिंग शोधा. तिथे साधारण तीन पर्याय असतात: चालू, बंद किंवा आधी होती तशी. झोपायच्या खोलीसाठी 'बंद' किंवा 'आधी होती तशी' निवडा.

'सूर्यास्ताला चालू' असं शेड्यूल लावत असाल तर आणखी एक गोष्ट. ॲप सपाट क्षितिज धरून वेळ काढतं. पण गावाच्या पश्चिमेला डोंगर असेल तर अंधार लवकर पडतो. तिथे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची वेळ लावा.

वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, ॲडॅप्टरची पिन बोर्डातून काढून ठेवा.

ॲडॅप्टर आणि वीजबिल

60 एलईडी प्रतिमीटरची 12 व्होल्टची 5050 स्ट्रिप पूर्ण पांढऱ्यावर मीटरला सुमारे 14.4 वॅट खाते. पाच मीटरला 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर. त्याहून सव्वापट मोठा, साडेसात अँपिअरचा ॲडॅप्टर घेतला की तो तापत नाही. किटसोबत 2 अँपिअरचा आला असेल तर तो फक्त 24 वॅटचा आहे. अशा वेळी पट्टी छोटी ठेवा किंवा ब्राइटनेस कमी ठेवा. ॲडॅप्टरवर बीआयएसची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक खरा आहे का हे 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तपासता येतं.

बिलाची भीती मात्र नको. 30 एलईडी प्रतिमीटरची पाच मीटर पट्टी जास्तीत जास्त 36 वॅट घेते. रोज पाच तास लावली तर महिन्याला 5.4 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर साधारण 43 रुपये. कंट्रोलर दिवसभर जागा असतो, त्याचा एक वॅट धरला तरी महिन्याला पाऊण युनिटसुद्धा होत नाही.

पट्टीचं दुसरं टोक मंद किंवा लालसर दिसतंय? लांब पट्टीत व्होल्टेज उतरत जातं. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मंदावतात. एकाला एक जोडत दहा मीटर करू नका. दोन पट्ट्यांना ॲडॅप्टरपासून वेगवेगळी वायर द्या.

लावताना

चुना लावलेल्या किंवा मातीच्या भिंतीवर मागची चिकटपट्टी टिकत नाही, पावसाळ्यात तर आठवड्यात लोंबते. तुळईवर किंवा वाशावर क्लिपा ठोका, नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी वापरा. त्यात उष्णताही निघून जाते. कापायची असेल तर तांब्याच्या खुणेवरच कापा, 12 व्होल्टच्या साध्या स्ट्रिपवर ही खूण सहसा दर तीन एलईडींनंतर असते. 'आयपी 65' म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारी पट्टी. पण ही हमी पट्टीची झाली. ॲडॅप्टर, कंट्रोलर आणि कापलेलं टोक पागोळीपासून लांब, कोरड्या जागीच हवं.

गणपतीच्या मखरात लावताना उरलेली पट्टी गुंडाळी करून मागे कोंबू नका. गुंडाळीत उष्णता साचते आणि आजूबाजूला कापड, कागद, सुकलेली फुलं असतात. जास्तीचा भाग कापा किंवा उलगडून ठेवा. ॲडॅप्टर मखराबाहेर ठेवा आणि झोपताना पिन काढा.

पडवीचा उजेड आणि काजवे

मे संपता संपता आमच्याकडे काजवे येतात. जूनच्या मध्यापर्यंत झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर काजवा उडताना चमकतो आणि मादी चमकून उत्तर देते, त्यातूनच त्यांची जोडी जमते. अंगणात रात्रभर लखलखीत पट्टी असेल तर हे इशारे उजेडात हरवतात. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही दिवस-आठवड्यांचंच असतं, त्यात गेलेल्या रात्री परत मिळत नाहीत. शिवाय पांढऱ्या-निळ्या उजेडावर पावसातले किडे जास्त येतात.

पण पावसाळ्यात साप-विंचू निघतात, त्यामुळे आजीला अंधारात सोडूनही चालणार नाही. शेवटी मी रंगांची पट्टी घरात माजघरात हलवली. न्हाणीच्या वाटेवर 12 व्होल्टची एकरंगी, पिवळसर पट्टी लावली, गुडघ्याच्या उंचीवर, तोंड जमिनीकडे. तिला पीआयआर सेन्सर जोडला. माणसाच्या अंगाची ऊब हलली की तो दिवा लावतो आणि मिनिटभराने बंद करतो. ॲप नाही, नेट नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालते. एवढं लक्षात ठेवा, सापाचं अंग गार असल्याने त्याला बघून हा सेन्सर पेटेल असं समजू नका. आणि मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली की सेन्सरचा पल्ला थोडा कमी होतो.

घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

1. नेट नसताना रिमोट, ब्लूटूथ किंवा बटणाने चालते का?
2. लाइट परत आल्यावर काय करायचं ते ठरवता येतं का?
3. ॲडॅप्टर किती अँपिअरचा आहे, त्यावर बीआयएसची खूण आहे का?
4. माझं वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झवर आहे का, आणि मी घराबाहेर गेल्यावरही ते घरात राहतं का?
5. ही पट्टी घरातलं कोण वापरणार, आणि त्या माणसाला ती माझ्याशिवाय लावता येईल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर बॉक्स परत ठेवा, दुसरा बघा. आता आजी फोनवर लाइटचं नावही काढत नाही. म्हणजे ती चालू आहे!