मॅक्वारी, कोचीनची दोन मुले आणि आपले माप

सिडनी शहराच्या वायव्येस स्कोफिल्ड्स नावाचे उपनगर आहे. पूर्वी तेथे शेते होती आणि लष्करी विमानतळ होता. आता भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे तेथे घरे करून राहिली आहेत. स्कोफिल्ड्सहून रिचमंडकडे जाणारी आगगाडी वाटेत विंडसरला थांबते, आणि विंडसरच्या नदीपलीकडे विल्बरफोर्स हे गाव लागते. विंडसर, रिचमंड, पिट टाउन, कॅसलरे आणि विल्बरफोर्स या पाच गावांची नावे १८१० च्या डिसेंबरात गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याने ठेवली. त्याच्या स्वतःच्या नावाने त्या शहरात रस्ता आहे, विद्यापीठ आहे. तरीही त्याला थोर म्हणावे की नाही, यावर तेथे मोठा वाद आहे. हाइड पार्कमध्ये २०१३ साली उभारलेल्या त्याच्या पुतळ्यावर २०१७ साली कोणी रात्री येऊन रंग फासला.

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल, हा वाद त्या देशाचा आहे, बेने-इस्राएलांना त्याचे काय? परंतु मॅक्वारीची हकीकत सिडनीत सुरू होत नाही. ती आपल्या मुंबईतून जाते.

१७८८ साली मॅक्वारी ७७ व्या पलटणीबरोबर मुंबईस उतरला. १७९३ साली जेन जार्विस हिच्याशी त्याचे लग्न झाले तेही मुंबईतच. त्याच काळी त्याच शहरात आपले सामाजी हसाजी दिवेकर राहत होते. दोघेही कंपनी सरकारच्या बाजूने म्हैसूरशी लढलेले. दिवेकर टिपूच्या कैदेत पडले, सुटून परत आले, आणि १७९६ साली त्यांनी मांडवीत आपली पहिली मशीद बांधली. तिचे नाव शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार.

१७९५ साली कंपनीच्या फौजेने डचांकडून कोचीन घेतले. त्या मोहिमेत मॅक्वारी होता. त्याच वर्षी कोचीनमध्ये त्याने दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले. एकाचे नाव हेक्टर ठेवले, दुसऱ्याचे जॉर्ज. जॉर्जला आपल्या पत्नीचे आडनाव दिले. आईबापांनी ठेवलेले नाव गेले, धन्याचे राहिले. हा जॉर्ज जार्विस पुढे वर्षानुवर्षे मॅक्वारीच्या चाकरीत राहिला व त्याच्याबरोबर सिडनीसही गेला. दोनच वर्षांनी, १७९७ साली, दिवेकर मशिदीसाठी सेफेर तोरा आणावयास कोचीनला गेले व तेथेच वारले.

आता मॅक्वारीची दुसरी बाजू पाहू. १८१० ते १८२१ पर्यंत तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. ती वसाहत म्हणजे इंग्रजांचे काळे पाणी. सजा भोगून सुटलेल्या माणसाला तेथील प्रतिष्ठित लोक दारात उभे करीत नसत. मॅक्वारीने अशा माणसांना मॅजिस्ट्रेट नेमले, आपल्या पंगतीला बसविले. खोट्या कागदपत्रांसाठी शिक्षा झालेला फ्रान्सिस ग्रीनवे त्याचा सरकारी शिल्पकार झाला. विंडसरचे सेंट मॅथ्यूज चर्च त्याचेच काम. सॉलोमन लेव्ही हा यहुदी तरुण १८१५ साली कैदी म्हणून आला. १८१९ साली त्याला पूर्ण माफी मिळाली, आणि पुढे तो मोठा व्यापारी झाला. वसाहतीची पहिली बँकही १८१७ साली मॅक्वारीच्याच अमदानीत निघाली.

आणि त्याच हाताने १८१६ साली त्याने मूळ रहिवाशांविरुद्ध फौज पाठविली. प्रतिकार करतील त्यांना गोळ्या घालाव्या व प्रेते झाडांना टांगावी, असा हुकूम होता. १७ एप्रिल १८१६ रोजी अ‍ॅपिन येथे पुरुष, बायका व मुले मिळून निदान १४ माणसे मारली गेली. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी त्याने पॅरामाटा येथे शाळा काढली, पण तीत आईबापांना वर्षातून एक दिवस भेट मिळे. याच शाळेतील दारुग जमातीची मुलगी मारिया हिने १८१९ च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिले बक्षीस मिळविले. लग्नानंतर ती मारिया लॉक झाली. तिचा भाऊ कोलबी याला मॅक्वारीने ३० एकर जमीन दिली होती. भाऊ गेल्यावर ती जमीन मिळावी म्हणून तिने १८३१ साली गव्हर्नरकडे अर्ज केला. मॅक्वारी गेल्यानंतर ती शाळा १८२३ साली ब्लॅकटाउनला हलविली. स्कोफिल्ड्सपासून थोड्या मैलांवरची ती जागा २०१८ साली दारुग लोकांकडे परत आली.

अशा माणसाचे काय करावे? काही म्हणतात, तो काळच तसा होता. हे आम्हांस पटत नाही. ज्या विल्बरफोर्सचे नाव मॅक्वारीने गावाला दिले, तो गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी पार्लमेंटात वर्षानुवर्षे झगडला होता. मॅक्वारीने कोचीनमध्ये मुले घेतली त्याच्या आधीपासून ती झुंज चालू होती. हे पाप आहे असे म्हणणारी माणसे त्याच काळात, त्याच देशात होती. दुसरे म्हणतात, माणूस दोषी ठरला की त्याचे नावच पुसावे. हेही पटत नाही. सॉलोमन लेव्हीला मिळालेली माफी खोटी नव्हती.

आपल्या ग्रंथात याचा निवाडा आहे. दाविद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला मरावयास पुढे धाडले. नाथान नबीने तोंडावर त्याचा दोष सांगितला. ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनी झाकली नाही, आणि तेहिलीम म्हणणेही सोडले नाही. मात्र बेथ हमिकदाश बांधण्याचा मान दाविदाला मिळाला नाही, कारण त्याच्या हातून रक्त सांडले होते. तो मान शलोमोला गेला. म्हणजे सर्व मान काढून घेतला नाही, पण जो मान त्याच्या कृत्याला शोभत नव्हता तो दिला नाही.

मॅक्वारीला हेच माप लावावे. गावे वसविली, पतितांना उभे केले, याचे श्रेय त्याचे. परंतु पुतळ्याच्या पायथ्याशी, माणसाच्या अंतःकरणाचा श्रेष्ठ कायदेकर्ता अशा अर्थाची जी स्तुती कोरली आहे, ती त्याला शोभत नाही. जॉर्ज जार्विसचे नाव माहीत असलेल्याने ती मान्य करू नये.

हे माप आपल्यालाही लावले पाहिजे. १९६२ साली इस्राएलमध्ये रब्बीमंडळाने आपल्या विवाहांसाठी वंशाची चौकशी सांगितली, तेव्हा आपण अन्याय म्हणून उठलो. १९६४ साली आपल्या लोकांनी जेरुसलेमात निदर्शने केली, आणि त्याच वर्षी क्नेसेतने आपल्याला सर्व बाबतींत यहुदी मानले. परंतु कोकणात आणि मुंबईत आपणच आपल्यातल्या काहींना काळे इस्राएल म्हणत होतो. गोऱ्या इस्राएलांचा त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नव्हता. समाजाची सेवा केलेल्या किती मान्यवर घरांत हा भेद पाळला गेला! स्मरणिकांत त्यांची सेवा छापली जाते. हा भेद छापला जात नाही.

सेवा जरूर छापावी. त्याच पानावर दुसरेही छापावे. स्कोफिल्ड्सला वाढणारी आपली मुले शाळेत मॅक्वारीचे नाव ऐकतील. त्यांना पाच गावांबरोबर कोचीनची दोन मुलेही सांगा, आणि त्यांनी घरच्या थोरांविषयी विचारले तर तेथेही अर्धेच सांगू नका.