प्रतिनिधित्व, विधिमंडळातील : दक्षिण कोकण

विधिमंडळात समाजाच्या निरनिराळ्या घटकांना मिळणारे स्थान. दक्षिण कोकणात या प्रश्नाचा इतिहास खोती पद्धतीशी निगडित आहे. विजयदुर्ग खाडीच्या वरच्या अंगास वसलेले व शिलाहारकालीन ताम्रपटांमुळे प्रसिद्ध असलेले खारेपाटण (ता. कणकवली) हे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. या जिल्ह्याच्या बऱ्याच भागात सरकार व कूळ यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत असे. मताधिकार मालमत्ता, सारा व शिक्षण यांवर अवलंबून असल्याने बहुसंख्य कुळे व भूमिहीन त्यापासून वंचित राहिले.

१९१९ च्या कायद्यान्वये मुंबई विधिपरिषदेत मराठा व संबद्ध जातींसाठी ७ जागा राखीव होत्या. मुसलमानांना विभक्त मतदारसंघ होते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी मात्र सरकारनियुक्त असत. मूळ आंबडवे (जि. रत्नागिरी) येथील घराण्यातील डॉ. भीमराव आंबेडकर हे अशाच नियुक्तीने परिषदेत आले. पुणे करारानंतर (१९३२) संयुक्त मतदारसंघात राखीव जागा हे तत्त्व रूढ झाले. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अनुसूचित जातींना, ६ स्त्रियांना व ७ मराठ्यांना राखून दिल्या.

या बदलाचा परिणाम लगेच दिसून आला. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आलेल्या आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी त्यासाठी मुंबईत मोर्चा काढला. विधेयक संमत झाले नाही. तथापि कुळांचा प्रश्न सभागृहात पोहोचला. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली.

प्रौढ मताधिकाराने मतदानातील विषमता दूर झाली, उमेदवारीतील नव्हे. १९५७ ते २००४ या काळात राजापूर लोकसभा मतदारसंघातून नाथ पै, मधु दंडवते यांसारखे नामवंत संसदपटू निवडून आले. परंतु एकही स्त्री निवडून आली नाही. ग्रामपंचायती व जिल्हा परिषदांत ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्मे करण्यात आले. लोकसभा व विधानसभांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली. तिची अंमलबजावणी जनगणनेशी व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे. राखीव जागेने सभागृहाचे दार उघडते. त्या जागेवरून कोणाचा प्रश्न मांडला जातो, यावर तिचे मोल ठरते, हे खोतीविरोधी लढ्यावरून स्पष्ट होते.