पापणीवरचा थर्मामीटर

साडेसदतीस अंश सेल्सिअस. घरच्या घरी कोंबडीची अंडी उबवायची म्हणून कुठलीही माहितीपुस्तिका उघडली, की सुरुवातीलाच हा आकडा भेटतो. आत पंखा असलेल्या पेटीत ३७.५, पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी साधारण ३९, आणि हे सलग २१ दिवस. थोडं कमी पडलं तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात. जास्त झालं तर मात्र निघतच नाहीत. गारठा अंडं काही वेळ सोसतं (कोंबडीही दाणे टिपायला उठतेच की), पण उष्णतेचा अतिरेक काही तासांत गर्भ मारतो.

हे ३७.५ म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५. आपल्या घरांत या आकड्याला एक शब्द आहे : कणकण. आई पालथा हात कपाळाला लावते, "कणकण आहे" म्हणते, आणि मागाहून थर्मामीटर बहुतेक वेळा तेच सांगतो.

पेटी बनवण्याच्या निमित्ताने मी वाचायला लागलो आणि एका प्रश्नापाशी अडकलो. थर्मामीटरचं वय जेमतेम चारशे वर्षं. कोंबडीशिवाय अंडी उबवण्याची विद्या मात्र दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मग इतकी शतकं लोकांनी हा आकडा नेमका धरला तरी कसा?

अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेत आपोआप फुटतात. त्याच ओघात तो सिराक्यूजच्या एका मद्यप्याची गोष्ट सांगतो. हा गृहस्थ अंडी चटईखाली ठेवायचा आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत पीतच बसायचा! रोमन लेखक प्लिनीची गोष्ट जरा घरंदाज आहे. लिव्हियाच्या पोटी टायबेरियस होता (पुढे तो सम्राट झाला), तेव्हा मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी तिने एक अंडं स्वतःच्या छातीशी धरून उबवलं. आणि खाली ठेवायची वेळ आली की दाईकडे द्यायची, म्हणजे ऊब तुटू नये. खरंखोटं देव जाणे. पण 'ऊब तुटू नये' हे सूत्र त्या काळी माहीत होतं, एवढं नक्की. शिवाय माणसाचं अंग अंड्याला लागणाऱ्या उबेच्या जवळपासच असतं, म्हणजे गोष्ट अगदीच अशक्य नाही.

पण ही झाली हौस. धंदा उभा केला तो इजिप्तच्या भट्ट्यांनी. मधे एक बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्यांची रांग. खालच्या खोल्यांत अंडी, वरच्या खोल्यांत विस्तव. आणि जळण काय, तर शेणात भुसा कालवून थापलेल्या, वाळवलेल्या चकत्या. म्हणजे चक्क गोवऱ्या! एडवर्ड लेन नावाचा इंग्रज कैरोत राहिला होता, त्याने १८३६च्या आपल्या पुस्तकात या भट्ट्यांचं वर्णन केलंय. एकेका भट्टीत हंगामात दीड लाखाच्या आसपास अंडी लागत, त्यातली तिसरा-चौथा हिस्सा वाया जात. शेतकऱ्याने अंडी आणून द्यायची आणि दोन अंड्यांमागे एक पिल्लू घेऊन जायचं, असा साधा व्यवहार.

लेनकडे थर्मामीटर होता. त्याने आतली उष्णता दिली आहे १०० ते १०३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ ते ३९.५ सेल्सिअस. पंखा नसलेल्या पेटीसाठी आजची पुस्तिका जे सांगते त्याच्याशी पडताळून पाहा. आणि लगेच तो नमूद करतो की भट्टीवाल्याकडे असलं कुठलंही उपकरण नसतं. लहानपणापासून हेच काम केल्याने त्याला ते कळतं.

कळतं म्हणजे कसं? इजिप्तच्या उबवणीवाल्यांची एक रीत अनेकांनी नोंदवली आहे. ते अंडं उचलून पापणीला लावतात. तळहात कामाने राठ झालेला असतो, पापणीची कातडी पातळ आणि हळवी. अंडं फार गरम वाटलं तर विस्तव कमी, गार वाटलं तर जास्त. आईचा पालथा हात आणि ही पापणी, दोन्ही एकाच घराण्यातली साधनं.

ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची आणि बाहेर फारशी जायची नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बर्मे गावचे लोक यात वाकबगार. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्यांच्यातला एक माणूस थेट फ्लॉरेन्सला बोलावून घेतला होता. विद्या हवी तर माणूसच आणावा लागे.

हे कोडं फोडायचं मनावर घेतलं रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १७३०च्या सुमारास त्याने स्वतःचा थर्मामीटर बनवला होता, आणि १७४९मध्ये अंडी उबवण्यावर मोठा ग्रंथच काढला. त्याचं म्हणणं सरळ होतं : गुपित वगैरे काही नाही, कोंबडीखालची उष्णता मोजा आणि तेवढीच ठेवा. त्याच्या मापाने ती ३२ अंश भरली. साध्या हिशोबाने हे आजचे ४० होतात, पण त्याचा थर्मामीटर अल्कोहोलचा, आजच्या मापाशी तंतोतंत जुळणारा नव्हे.

रेओम्युरची मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. खेड्यातल्या बाईला थर्मामीटर कुठला परवडायला? म्हणून त्याने तोड काढली : लोणी आणि त्याच्या निम्मी चरबी एकत्र वितळवून बाटलीत भरायची आणि ती अंड्यांशेजारी ठेवायची. मिश्रण घट्ट राहिलं तर ऊब कमी, तेलासारखं पातळ झालं तर जास्त, दाट पाकासारखं ओघळलं तर बरोबर. पिढीजात पापणी नसलेल्या माणसाच्या हातात त्याने ती विद्या ठेवली.

तरीही त्याच्या भट्ट्या युरोपभर पसरल्या नाहीत. लिदीत पुरलेल्या पिंपांत ऊब बरोबर असूनही पिल्लं मरत, कारण दमट वाफ आत शिरे. आकडा मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नव्हतं.

ते आजही नाही. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं, पण ती फक्त वरून टेकलेली असते, म्हणून अंड्याच्या आत पोचते ती ऊब त्याहून कमी. थर्मामीटर हवा मोजतो. गर्भाला कळते ती अंड्याची ऊब. शेवटच्या आठवड्यात तर वाढलेलं पिल्लू स्वतःच उष्णता देऊ लागतं. इजिप्तचा भट्टीवाला उत्तरार्धात विस्तव कमी करायचा तो म्हणूनच. शिवाय त्याच्या बाजूने जाडजूड भिंती आणि हजारो अंडी होती, तापमान हलणार कुठे? माझ्या थर्माकोलच्या पेटीत बारा अंडी आणि एक बल्ब. झाकण उघडलं की सगळी ऊब बाहेर. म्हणून आत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्यात, त्या भिंतींची कसर भरून काढतात. आणि पेटीतला स्वस्त थर्मामीटर मी तापाच्या थर्मामीटरशी ताडून घेतला, कारण ९९.५च्या आसपास खात्रीने खरं बोलणारं घरातलं यंत्र तेच.

आकड्याला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. तो नसता तर मला बर्मे गावात जन्म घ्यावा लागला असता. पण आकडा ही आयती उत्तरपत्रिका आहे, आणि ती कुणी आधी सोडवली याचा त्यात उल्लेख नसतो. इजिप्तमध्ये काही ठिकाणी गोवऱ्या जाऊन रॉकेलचे दिवे आले, मग वीज आली. तिथली पापणीची सवय मात्र यंत्र आलं म्हणून लगेच सुटली नाही.

हल्ली रोज सकाळी आकडा बघून झाल्यावर मीही एक अंडं उचलून पापणीला लावतो. पहिले दोन दिवस काहीच कळलं नाही. आता 'बरं आहे' की 'जरा जास्त आहे' एवढं कळायला लागलंय. लेनने पाहिलेल्या माणसाला त्यासाठी अख्खं बालपण मिळालं होतं, मला एकवीसच दिवस आहेत. असो.